मॅथ.एफराउंड: डबल आकडा फ्लोटमध्ये बसवताना पडणारे प्रश्न

बिगइंट (कितीही मोठ्या पूर्णांकांचा वेगळा प्रकार) सोडला तर जावास्क्रिप्टमध्ये आकड्यांचा प्रकार एकच: ६४ बिटांचा डबल. पण वेबजीएल (ब्राउझरमधले ग्राफिक्स), वेब ऑडिओ (ब्राउझरमधला आवाज), वेबअसेंब्लीचा (ब्राउझरमध्ये चालणाऱ्या बायनरी कोडचा) काही भाग आणि फ्लोट३२ॲरे यांचा कारभार ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये चालतो. आकडा या सीमेवरून पलीकडे जाताना किंवा परत येताना जे घोटाळे होतात, त्यांची उत्तरे इथे आहेत. फंक्शनांची नावे देवनागरीत लिहिली आहेत. एडिटरमध्ये ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करावी लागतात.

मॅथ.एफराउंड नेमके काय करते?

दिलेल्या आकड्याच्या सर्वांत जवळचा फ्लोट शोधते आणि तो पुन्हा डबलच्या रूपात परत देते. ५.५ दिले तर ५.५ मिळते. ५.०५ दिले तर ५.०५००००१९०७३४८६३ मिळते.

नावातला 'एफ' हा फ्लोटचा आहे, फ्लोअरचा नाही. एफराउंड(२.७) चे उत्तर ३ येत नाही आणि २ ही येत नाही, २.७००००००४७६८३७१६ येते. उत्तर लांबलचक दिसते म्हणून ते जास्त अचूक आहे असे वाटते, पण घडलेले असते नेमके उलट. डबलमध्ये अपूर्णांकासाठी ५२ बिट असतात, फ्लोटमध्ये २३. एफराउंड करताना खालचे २९ बिट राउंड होऊन शून्य होतात. आकड्याचा प्रकार बदलत नाही, फक्त त्यातली माहिती कमी होते.

मूळ आकडा दोन फ्लोटांच्या बरोबर मध्ये पडला, तर ज्याचा शेवटचा बिट शून्य आहे तो निवडला जातो. म्हणून १६७७७२१७ चे १६७७७२१६ होते, पण १६७७७२१९ चे १६७७७२२० होते. एकदा खाली, एकदा वर. हा बग नाही, आयईईई ७५४ या १९८५ सालच्या मानकातला मूळ नियम आहे. नेहमी वरच ढकलले असते तर लांब बेरजांमध्ये चूक एकाच दिशेला साचत गेली असती.

५.५ जसेच्या तसे राहते, ५.०५ का नाही?

कारण छेदात फक्त दोनाचे घात असतील तेवढेच अपूर्णांक बायनरीत पूर्ण लिहिता येतात. ५.५ म्हणजे ११/२, ते बसते. ५.०५ म्हणजे १०१/२०. त्यातला पाच बायनरीत आवर्ती शेपूट सोडतो, जशी १/३ ची शेपूट आपल्या दशमान पद्धतीत संपत नाही.

०.१ चा फ्लोट उलगडून पाहा. चिन्ह ०, घातांकाचे आठ बिट ०११११०११ (म्हणजे १२३, त्यातून १२७ वजा केले की −४), आणि अपूर्णांकाचे तेवीस बिट १००११००११००११००११००११०१. '१००१' ची आवर्तने चालू असताना शेवटी ती कापून वर राउंड केलेली आहेत. म्हणून किंमत ०.१ पेक्षा किंचित जास्त, ०.१०००००००१४९०११६१२.

इथे एक सापळा आहे. टेस्ट लिहिणारा माणूस सवयीने ०.५, ०.२५, १.७५ असे 'सोपे' आकडे घेतो. ते सगळे फ्लोटमध्ये अचूक बसतात, टेस्ट हिरव्या होतात, आणि ०.१ पहिल्यांदा थेट ग्राहकाच्या स्क्रीनवर भेटतो. टेस्टमध्ये ०.१, ०.३, १.१ असे आडमुठे आकडे मुद्दाम ठेवा.

फ्लोटमध्ये किती अंक भरवशाचे?

'सात अंक' असे सरसकट सांगतात. काटेकोरपणे बोलायचे तर दशमान सहा अंक हमखास टिकतात, आणि एखादा फ्लोट मजकुरात लिहून तोच परत वाचायचा असेल तर जास्तीत जास्त नऊ अंक लागतात. पण अंक मोजण्यापेक्षा दोन शेजारी फ्लोटांमधले अंतर लक्षात ठेवणे जास्त कामाचे. १ ते २ या टप्प्यात हे अंतर २^-२३, म्हणजे सुमारे ०.००००००१२. आकडा दोनाचा पुढचा घात ओलांडेल तसे अंतर दुप्पट होत जाते. १,६७,७७,२१६ म्हणजे २^२४ च्या पुढे ते २ होते, म्हणजे विषम पूर्णांक गायब. डेटाबेसमधले आयडी किंवा वेबजीएलमध्ये वस्तू निवडण्यासाठी दिलेले क्रमांक फ्लोटमधून पाठवत असाल, तर ही मर्यादा भिंतीवर लिहून ठेवावी अशी.

रुपये-पैसे फ्लोटमध्ये ठेवले तर?

नका ठेवू. १,३१,०७२ रुपयांच्या पुढे शेजारी फ्लोटांमधले अंतर ०.०१५६२५ रुपये होते, म्हणजे एका पैशापेक्षा जास्त. १९९९९९.९९ एफराउंड केले की १९९९९९.९८४३७५ मिळते, दोन स्थळांपर्यंत दाखवले की १९९९९९.९८. एक पैसा गेला. ८३,८८,६०८ च्या पुढे तर पैसे उरतच नाहीत, फक्त पूर्ण रुपये. एक कोटीची रक्कम त्याच टप्प्यात येते. पैसे हेच एकक धरून पूर्णांकात हिशेब करा. डबलमध्ये पूर्णांक २^५३ पर्यंत सुरक्षित असतात.

दोन दशांश स्थळांपर्यंत राउंड करायला हे वापरता येईल का?

नाही. दाखवण्यासाठी टूफिक्स्ड किंवा इंटल.नंबरफॉरमॅट, पूर्णांकासाठी मॅथ.राउंड. टूफिक्स्डही डोळे झाकून वापरू नका: १.००५ ला टूफिक्स्ड(२) लावले तर '१.००' मिळते, कारण डबलमधला १.००५ मुळातच १.००५ पेक्षा थोडा कमी आहे.

फ्लोट३२ॲरेत ०.१ ठेवले, पण ०.१ शी तुलना केली तर 'फॉल्स' येते. का?

ॲरेत ठेवतानाच आकडा राउंड झाला, वाचताना ०.१०००००००१४९०११६१२ मिळाला. समोरचा ०.१ मात्र अजून डबल आहे. याच कारणाने इंडेक्सऑफ(०.१) हे −१ देते आणि इन्क्लूड्स(०.१) फॉल्स देते. तुलनेची दुसरी बाजूही फ्लोटच्या पातळीवर आणा: ॲरेतली किंमत === मॅथ.एफराउंड(०.१). आता 'ट्रू' येईल.

हे फक्त साठवलेली किंमत तपासताना पुरते. मधे गणित झाले असेल तर सहनशीलता ठेवून तुलना करा, आणि तिथे नंबर.एप्सिलॉन वापरू नका. ते २^-५२ आहे, डबलसाठी. फ्लोटच्या चुका त्याहून कोट्यवधी पटींनी मोठ्या असतात, त्यामुळे तुलना जवळजवळ नेहमीच नापास होईल. दोन आकड्यांपैकी मोठ्याचे मूल्य गुणिले २^-२२ इथून सुरुवात करून गणिताच्या लांबीप्रमाणे ती सैल करावी.

गणितात एफराउंड प्रत्येक पायरीला लावायचे की शेवटी एकदाच?

शेडर (जीपीयू म्हणजे ग्राफिक्स चिपवर चालणारा छोटा प्रोग्रॅम), सी भाषेतला फ्लोट किंवा वेबअसेंब्ली जे उत्तर देईल तेच हुबेहूब हवे असेल, तर प्रत्येक पायरीला. शेवटी एकदाच लावणे म्हणजे वेगळे गणित.

१६७७७२१६ मध्ये १ आणि पुन्हा १ मिळवा. डबलमध्ये बेरीज करून शेवटी एफराउंड केले तर १६७७७२१८. दर पायरीला केले तर पहिल्या बेरजेचे १६७७७२१७ पुन्हा १६७७७२१६ वर येते, दुसऱ्या बेरजेचेही तेच, आणि उत्तर जागचे हलत नाही. क्रम बदलून आधी १ + १ केले की मात्र १६७७७२१८ मिळते. फ्लोटच्या बेरजेत कंसांना किंमत असते.

आता याची चांगली बाजू. आत जाणारे दोन्ही आकडे आधीच फ्लोट असतील आणि क्रिया बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार किंवा वर्गमूळ यांपैकी एकच असेल, तर डबलमध्ये करून लगेच एफराउंड केलेले उत्तर खऱ्या फ्लोट क्रियेच्या उत्तराशी बिटन् बिट जुळते. दोनदा राउंड होऊनही चूक शिरत नाही. कारण फ्लोटचे २४ बिट (२३ लिहिलेले, एक गृहीत). त्यांची दुप्पट अधिक दोन म्हणजे ५०. आणि डबलजवळ ५३ आहेत. एवढी मोकळीक पुरते. साइन, कोसाइन, पॉवर यांना ही हमी लागू नाही. गुणाकार आणि बेरीज एका दमात करणाऱ्या एफएमए क्रियेलाही नाही. जीपीयूचा ड्रायव्हर गुपचूप तसे करत असेल तर तुमच्या उत्तरात शेवटच्या बिटाचा फरक राहणारच.

गंमत अशी की फ्लोटमध्ये ०.१ + ०.२ बरोबर ०.३ येते, डबलमध्ये येत नाही. यावरून फ्लोट 'जास्त अचूक' असा निष्कर्ष काढू नका. राउंडिंग योगायोगाने सोयीच्या बाजूला पडले इतकेच. ०.१ दहा वेळा मिळवा, फ्लोटमध्ये १.००००००११९२०९२८९६ येते, म्हणजे एकापेक्षा एक पायरी वर, डबलमध्ये ०.९९९९९९९९९९९९९९९९.

एफराउंडने कोड वेगवान होतो का?

कधीकधी, आणि तेही वर सांगितलेल्या गुणधर्मामुळे. आत येणारे आकडे फ्लोटच आहेत आणि उत्तरही एफराउंड होणार आहे, हे दिसले की इंजिनाचा कंपायलर डबलची सूचना गाळून थेट फ्लोटची सूचना टाकू शकतो. २०१३ मध्ये मोझिलाने आणलेल्या एएसएम.जेएसमध्ये (वेगासाठी आखलेला जावास्क्रिप्टचा उपसंच) फ्लोटचा प्रकार सांगायची खूण म्हणूनही हेच फंक्शन वापरात आले. २०१५ च्या ईएस६ या जावास्क्रिप्टच्या मानकात ते सर्वांसाठी दाखल झाले.

आज नवा कोड लिहिताना वेगासाठी ते पेरत बसू नये. एखादी पायरी सुटली की डबल ते फ्लोट आणि पुन्हा डबल अशी ये-जा वाढते आणि कोड उलट मंदावतो. खरा फायदा बहुतेक वेळा मेमरीत असतो: फ्लोट३२ॲरेत एका आकड्याला चार बाइट, फ्लोट६४ॲरेत आठ. दहा लाख बिंदूंच्या तीन-तीन सहनिर्देशकांना एकीकडे १.२ कोटी बाइट, दुसरीकडे २.४ कोटी. मोजल्याशिवाय बदलू नका.

नकाशा खूप झूम केला की रेषा थरथरतात. हा फ्लोटचाच प्रश्न का?

बहुधा हो. पुण्याचा रेखांश ७३.८५६७ घ्या. वेब मर्केटर या वेब नकाशांच्या नेहमीच्या प्रक्षेपणात त्याचा क्ष-निर्देशक सुमारे ८२,२१,६९० मीटर येतो, आणि त्या टप्प्यात शेजारी फ्लोटांमधले अंतर अर्धा मीटर आहे. झूम २० ला २५६ पिक्सेलच्या टाइलवर एक पिक्सेल म्हणजे सुमारे ०.१४९ मीटर. म्हणजे बिंदूंना तीन-साडेतीन पिक्सेलच्या जाळीवरच बसता येते. नकाशा सरकला की प्रत्येक बिंदू आपापल्या वेळी पुढच्या खान्यात उडी मारतो, आणि तीच थरथर दिसते.

पूर्वेला आणखी बिघडते. ८३,८८,६०८ मीटर म्हणजे साधारण ७५.३६ अंश रेखांश ओलांडला, छत्रपती संभाजीनगरच्या आसपास, की अंतर एक मीटर होते. त्यामुळे पुण्यात 'चालून जाईल' वाटलेला नकाशा नागपुरात दुप्पट थरथरतो. चाचणी एकाच शहरावर करणाऱ्यांना हे कळतच नाही.

उपाय दोन. पहिला साधा: दृश्याच्या मध्यबिंदूपासूनचा फरक जावास्क्रिप्टमध्ये, डबलमध्येच काढा, आणि तो छोटा फरक फ्लोट म्हणून जीपीयूला द्या. हजार मीटरच्या आत शेजारी फ्लोटांमधले अंतर एका मिलिमीटरचा दहावा भागही नसते. वजाबाकी शेडरमध्ये केली तर उपयोग शून्य, कारण माहिती तोवर गेलेली असते. दुसरा उपाय आकड्याचे दोन तुकडे करण्याचा, आणि इथे एफराउंड खरोखर कामाला येते:

हाय = मॅथ.एफराउंड(क्ष)
लो = मॅथ.एफराउंड(क्ष − हाय)

दोन्ही तुकडे वेगवेगळे पाठवा. शेडरमध्ये आधी हाय मधून मध्यबिंदूचा हाय, लो मधून त्याचा लो वजा करा, मग दोन्ही फरकांची बेरीज. सीझियम आणि डेक.जीएल या लायब्रऱ्यांतही अशीच विभागणी आढळते.

आणखी एक जागा तपासा: मॅट्रिक्स. जीएल-मॅट्रिक्स ही लायब्ररी न सांगता फ्लोट३२ॲरे वापरते, त्यामुळे मोठ्या सरकावाचे मॅट्रिक्स गुणतानाच अचूकता जाते. तिला साधा ॲरे वापरायला सांगा, सगळे गुणाकार डबलमध्ये उरका आणि शेवटचे मॅट्रिक्स तेवढे फ्लोट करा.

शेडरमधले ॲनिमेशन काही तासांनी अडखळते, किंवा पहिल्यापासून हलतच नाही.

हलतच नसेल तर वेळ म्हणून डेट.नाऊ पाठवलेला असणार. ती किंमत आज १.७ लाख कोटींच्या पुढे आहे आणि तिथे शेजारी फ्लोटांमधले अंतर १,३१,०७२ मिलिसेकंद. शेडरचे घड्याळ दोन मिनिटे अकरा सेकंदांनी एकदा टिक करते.

परफॉर्मन्स.नाऊ सेकंदांत पाठवत असाल तर सुरुवात गुळगुळीत होते. साडेचार तासांनी (१६,३८४ सेकंद) पायरी सुमारे २ मिलिसेकंद, अठरा तासांनी ७.८, छत्तीस तासांनी १५.६. शेवटची जवळजवळ एका फ्रेमएवढीच. दुकानातल्या किंवा स्टेशनवरच्या सतत चालणाऱ्या स्क्रीनवर हे हमखास दिसते. डेव्हलपर दर पाच मिनिटांनी पान रिफ्रेश करत असल्याने त्याला कधी दिसत नाही. ॲनिमेशनचे एक आवर्तन जितके, तितक्याने वेळेचा भागाकार करून बाकी तेवढी पाठवा, आणि ही बाकी जावास्क्रिप्टमध्ये काढा.

मोबाइलवर शेडरमध्ये 'मीडियमपी' लिहिले असेल तर तिथली अचूकता १६ बिटांपर्यंत खाली जाऊ शकते. एफराउंडने त्याची नक्कल होत नाही.

वेब ऑडिओत गेन (आवाजाचा गुणक) ०.१ ठेवला, वाचला तर ०.१०००००००१४९०११६१२. स्लायडर बिघडतो.

ऑडिओपॅरमची (गेनसारख्या नियंत्रणाच्या ऑब्जेक्टची) 'व्हॅल्यू' फ्लोट आहे, त्यामुळे ठेवतानाच राउंड होते. स्लायडरची खरी किंमत तुमच्या स्वतःच्या व्हेरिएबलमध्ये ठेवा. ऑडिओपॅरमवर लिहा, तिथून परत वाचून दाखवू नका. 'बदलली का?' हे तपासायचेच असेल तर एफराउंड केलेल्या किमतीशी ताडून पाहा. तसेच या प्रकारच्या गुणधर्मात नॅन ('हा आकडा नाही' अशी खूण), इन्फिनिटी किंवा फ्लोटच्या आवाक्याबाहेरचा आकडा घातला तर टाइपएरर येतो. शून्याने भागून आलेला आवाजाचा गुणक हे त्याचे नेहमीचे कारण.

फारच मोठे किंवा फारच लहान आकडे दिले तर?

सर्वांत मोठा फ्लोट सुमारे ३.४०२८२३५ × १०^३८. त्याच्या थोडे पुढचे आकडे त्याच्यावरच राउंड होतात. २^१२८ − २^१०३ पासून पुढे इन्फिनिटी. खालच्या टोकाला २^-१४९ हा सर्वांत लहान धन फ्लोट; २^-१५० आणि त्याहून लहान धन आकडे शून्य होतात, ऋण असतील तर ऋण शून्य. २^-१२६ च्या खाली बिट एकेक करून कमी होत जातात. एफराउंड त्या किमती जपते, पण पुष्कळ जीपीयू त्या सरळ शून्य करतात.

नॅन दिला तर नॅन, काहीच न देता बोलावले तरी नॅन. नल दिला तर ०. '१.५' अशी स्ट्रिंग दिली तर १.५. बिगइंट दिला तर टाइपएरर.

सर्व्हरवरच्या जावामध्ये फ्लोट आहे, जेसनमधून आलेली किंमत जुळत नाही.

जावा ०.१ हा फ्लोट '०.१' असाच छापते, कारण फ्लोटांच्या जगात तेवढे अंक ओळख पटवायला पुरतात. ब्राउझर तो मजकूर डबल म्हणून वाचतो आणि वेगळाच आकडा तयार होतो. आलेल्या किमतीवर एकदा एफराउंड करा, सर्व्हरवरची किंमत परत मिळेल. तुमच्या बाजूने फ्लोट पाठवताना सतरा अंकांची शेपूट नको असेल, तर टूप्रिसिजन ६, ७, ८, ९ असे क्रमाने करून पाहा. मिळालेला मजकूर नंबरमध्ये बदलून एफराउंड केल्यावर मूळ किंमत आली की थांबा. नऊच्या पुढे जावे लागत नाही. पडद्यावर दाखवायलाही हीच युक्ती चालते.

ॲरेवर एकदम कसे लावायचे? जुन्या ब्राउझरमध्ये काय?

मॅपला थेट मॅथ.एफराउंड दिले तरी चालते. ते फक्त पहिला आर्ग्युमेंट बघते, त्यामुळे पार्सइंटसारखी फजिती होत नाही. पण फ्लोट३२ॲरे.फ्रॉम सोपे.

इंटरनेट एक्सप्लोररमध्ये हे फंक्शन कधी आलेच नाही. अजूनही ते सांभाळावे लागत असेल तर एका खान्याचा फ्लोट३२ॲरे एकदाच बनवा, आकडा त्यात लिहा, तोच वाचून परत द्या. दर कॉलला नवा ॲरे बनवला तर गार्बेज कलेक्टरला उगाच काम लागते.

आतले बिट कसे पाहायचे?

चार बाइटांच्या बफरवर डेटाव्ह्यू घ्या, सेटफ्लोट३२(०, क्ष) ने लिहा, गेटयूइंट३२(०) ने वाचा, टूस्ट्रिंग(२) करून डावीकडे शून्ये भरत ३२ अंक पूर्ण करा. डेटाव्ह्यू न सांगता बिग-एंडियन (वरचा बाइट आधी) वागतो, फ्लोट३२ॲरे मात्र यंत्राच्या क्रमाने, म्हणजे बहुतेक ठिकाणी लिटल-एंडियन. एकाने लिहून दुसऱ्याने वाचले तर बाइट उलटे दिसतात. दोन्हीकडे डेटाव्ह्यूच वापरा, किंवा शेवटचा आर्ग्युमेंट 'ट्रू' द्या.

एफ१६राउंड काय आहे? एफराउंड करून मग ते लावले तर चालेल?

ईएस२०२५ मध्ये फ्लोट१६ॲरेसोबत मॅथ.एफ१६राउंड आले. ते १६ बिटांच्या फ्लोटवर राउंड करते: अपूर्णांकाला दहा बिट, कमाल किंमत ६५,५०४, सलग पूर्णांक २,०४८ पर्यंत. १.३३७ चे १.३३६९१४०६२५ होते.

दोन्ही एकापाठोपाठ लावू नका. १ + २^-११ + २^-४० हा आकडा घ्या. थेट एफ१६राउंड केला तर तो मध्यापेक्षा किंचित वर असल्याने १.०००९७६५६२५ वर जातो. आधी एफराउंड केला तर २^-४० गळून पडतो, आकडा बरोबर मध्यावर येतो, सम बिटाचा नियम लागतो आणि उत्तर १ येते.